गळाची काठी



दसऱ्याच्या सुमारास शिवना नदीचें पाणी निवळूं लागतें. पावसाळ्यांतला गढूळ लोंढा ओसरून गेलेला असतो, खडकांमधून डोह साठलेले असतात, आणि कन्नडच्या आसपास एखाद्या दरडीवर पाय सोडून, हातांत काठी धरून बसलेलीं माणसें दिसूं लागतात. हा देखावा महाराष्ट्रांतील कोणत्याहि नदीकांठीं दिसेल. मग कन्नडच कां, असा प्रश्न कोणी करील. (शहरांतील श्रोत्यांस कन्नड म्हटलें कीं आधीं भाषा आठवते आणि गांव मागाहून, हेंहि मी जाणून आहें.) कारण असें, कीं ज्या राजाची अधिसत्ता या मुलुखावर होती त्यानें नऊशें वर्षांपूर्वीं मासे धरण्याच्या विद्येवर एक सबंध प्रकरण लिहून ठेविलें आहे, आणि ज्या वेळूची काठी जगांतल्या नामांकित कारागिरांनीं एके काळीं डोक्यावर घेतली, तो वेळू अशाच कोरड्या, खडकाळ प्रदेशांत उत्तम पोसतो. आज गळाची काठी विकत घ्यावयाची तर कोणती घ्यावी आणि तिच्यासाठीं किती पैसे मोजावे, या साध्या गृहस्थी प्रश्नाचें उत्तर शोधतांना या दोन्ही गोष्टी उपयोगीं पडतात.

तो राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर. विख्यात सहाव्या विक्रमादित्याचा हा पुत्र इ. स. ११२७ मध्यें गादीवर आला आणि ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण; बिदर जिल्ह्यांतील हें गांव मराठवाड्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं. आपल्या बाजूस त्या काळीं सेउण देशाचे यादव नांदत होते, परंतु ते चालुक्यांचे मांडलिक होते, आणि देवगिरीस राजधानी होण्यास अद्याप अर्धशतकाचा अवकाश होता. सोमेश्वराला लढायांपेक्षां ग्रंथांची गोडी अधिक. त्याचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ वीस वीस अध्यायांच्या पांच विंशतींत रचलेला असून राज्यप्राप्तीपासून पाकशास्त्रापर्यंत आणि हत्तींच्या परीक्षेपासून गायनापर्यंत कोणताहि विषय त्यानें सोडलेला नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. मराठी अभ्यासकांस हा ग्रंथ विशेष परिचित आहे तो महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात या त्यांतील उल्लेखामुळें. ओवीविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. त्याच ग्रंथांत, विनोदांच्या विंशतींत, कुक्कुट आणि मेष यांच्या झुंजींच्या शेजारीं जो 'मत्स्यविनोद' आहे त्याची आठवण मात्र मराठी लेखकांपेक्षां एका प्राणिशास्त्रज्ञास अधिक झाली. सुंदरलाल होरा यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यावर त्या प्रकरणावर सविस्तर निबंध लिहिला, तेव्हां कोठें विद्वानांचें तिकडे लक्ष गेलें.

या प्रकरणांत राजा काय सांगतो? तो माशांची वर्गवारी करतो : समुद्रांतले आणि नदींतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान. कोणत्या जातीच्या माशास कोणतें खाद्य रुचतें हें तो सांगतो. डोहांतील माशांना एका ठराविक ठिकाणीं खाद्य टाकून त्या जागेची चटक कशी लावावी, आणि मग तेथें गळ कसा सोडावा, हें सांगतो. गळ, दोरी आणि काठी यांचेंहि वर्णन येतें. यांतील क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. आधीं मासा, मग त्याचें खाद्य, मग जागा, आणि अखेरीस साधन. आजचा हौशी गृहस्थ दुकानांत शिरतो तो नेमका उलट्या क्रमानें : प्रथम काठी घेतो, मग ती कोठें वापरावी याचा विचार करतो, आणि तेथें मासे कोणते आहेत हें त्यास कांठावर बसलेल्या एखाद्या पोराकडून कळतें.

इंग्रजी वाङ्मयांत गळाच्या विद्येचा पहिला छापील ग्रंथ म्हणून ज्याची ख्याति आहे तो १४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें विंकिन द वर्ड या मुद्रकानें छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नांवावर तो मोडतो. तिनें तो खरोखर लिहिला कीं नाहीं याविषयीं विद्वानांत वाद आहे. आयझॅक वॉल्टनचें सुप्रसिद्ध पुस्तक त्यानंतर दीडशें वर्षांनीं, १६५३ सालीं निघालें. म्हणजे कल्याणीच्या दरबारांतील प्रकरण या पहिल्या इंग्रजी पुस्तकाहून साडेतीनशें वर्षांनीं जुनें ठरतें. 'आमच्याकडे सर्व कांहीं आधींच होतें' असें म्हणून मिशीला पीळ देण्याची आपल्याकडे एक खोड आहे. तिला खतपाणी घालण्याचा माझा हेतु नाहीं. दोन ग्रंथांतला खरा फरक निराळाच आहे. इंग्रजी ग्रंथ वाचकाला स्वतःची काठी स्वतः कशी करावी हें शिकवितो : हिवाळ्यांत लांकूड तोडावें, भट्टींत शेकून सरळ करावें, कित्येक आठवडे वाळूं द्यावें, तापल्या सळईनें पोखरून त्यांत शेंड्याचा भाग बसवावा. सोमेश्वराचा वाचक राजा आहे. त्याच्या हातीं तयार काठी येते; ती कोणी तोडली, कोणी शेकली, कोणी वाळविली, हें सांगण्याची गरज राजाला भासत नाहीं. तें ज्ञान भोई आणि कोळी यांच्या घरांतून बापाकडून मुलाकडे गेलें, आणि त्यांच्यांपैकीं कोणीं तें लिहून ठेविलें नाहीं.

तें ज्ञान आजहि बुरुडाच्या दुकानाशीं उभें राहून थोडेंबहुत मिळवितां येतें. वनखात्याचे लोक ज्यास नर बांबू म्हणतात, आणि शास्त्रीय भाषेंत ज्याचें नांव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असें आहे, तो वेळू भारताच्या कोरड्या पानझडी रानांतून सर्वत्र होतो. याचा एक गुण मोठा मौजेचा आहे. ओलाव्याच्या, सुपीक जागीं वाढला तर तो इतर बांबूंप्रमाणें पोकळ निघतो. कोरड्या, खडकाळ, पाण्याला महाग जागीं वाढला तर जवळजवळ भरीव निघतो. ज्या अवर्षणाबद्दल मराठवाडा सदैव खेद करतो, तेंच या काठीला बळकटी देतें. घोडेस्वारांच्या भाल्यांना हाच वेळू लागे. इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत आपल्या भालाइतांसाठीं याच काठ्या पसंत केल्या. लाठीलाहि हाच उत्तम.

बांबूची ताकद त्याच्या सालीजवळच्या दाट तंतूंत असते. आंतला गाभा मऊ असतो. म्हणून काठी गुळगुळीत दिसावी यासाठीं जो तिची साल तासून काढतो तो तिचा प्राणच काढतो. तीन पावसाळे पाहिलेला वेळू घ्यावा; पहिल्या वर्षाचा कोंवळा वेळू वाळतांना सुरकुततो आणि वाकला कीं वाकलेलाच राहतो. तोड पावसाळा सरल्यावर, थंडींत करावी. त्या वेळीं वेळूच्या अंगांत रस आणि पिठूळ अंश कमी असतो, त्यामुळें भुंगा लागण्याची भीति कमी. कित्येक ठिकाणीं तोडलेले वेळू कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवतात तेंहि याच कारणानें. नंतर सावलींत वाळवून, वांकडा भाग मंद आंचेवर शेकून गुडघ्याशीं सरळ करावयाचा. पांचशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांत लांकूड हिवाळ्यांतच तोडीत आणि आपल्याकडेहि थंडींतच. दोघांची गांठभेट कधीं झाली नव्हती, परंतु झाडाचा स्वभाव दोन्हीकडे एकच होता.

आतां या वेळूच्या परदेशगमनाची हकीकत सांगतों, कारण काठीच्या किंमतीचें कोडें तेथें उलगडतें. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाचा एक बंदुका आणि व्हायोलिन करणारा कारागीर होता. १८४५ च्या सुमारास त्यानें बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, त्या सालीची बाजू बाहेर ठेवून एकमेकींस सरसानें चिकटविल्या. मऊ गाभा गेला, सगळा तंतुमय भाग राहिला. पुढें हायरम लेनर्ड यानें सहा पट्ट्यांची काठी मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि इंग्लंडांत १८७२ सालीं ॲल्निक येथें स्थापन झालेल्या हार्डी बंधूंच्या पेढीनें अशा काठ्यांना जगभर कीर्ति मिळवून दिली. आरंभींच्या या काठ्यांचा बांबू जात होता कलकत्त्याहून. व्यापारांत त्याचें नांवच 'कलकत्ता केन' पडलें होतें, आणि तो आपल्या या नर बांबूचाच प्रकार असें सामान्यतः मानतात. शेकून सरळ केल्याचे काळसर डाग त्यावर असत. ते डाग पाहून ग्राहक माल ओळखीत. पुढें विसाव्या शतकाच्या प्रारंभीं चीनच्या ग्वांगडुंग प्रांतांतील एका बांबूनें त्याला मागें सारलें. हा 'टोंकिन' बांबू अधिक सरळ आणि अधिक ताठ होता. गंमत अशी कीं टोंकिनशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता.

तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचें दृश्य असें होतें : आपल्या रानांतील बांबू कलकत्त्याहून विलायतेस जावा, तेथें सहा फांका होऊन, रेशमी दोऱ्यानें बांधला जाऊन, पितळी कड्या लेवून परत मुंबईच्या धक्क्यावर उतरावा, आणि एखाद्या कलेक्टर साहेबानें ती काठी घेऊन नदीवर जावें. साहेबाच्या शेजारीं उभा राहून डोह दाखविणाऱ्या भोयाच्या हातांत त्याच जातीची अखंड काठी असावी. मासे कोणाला अधिक मिळत असतील याचा तर्क श्रोत्यांनीं करावा.

या साहेबलोकांपैकीं दोघांचे मात्र आपण ऋणी आहोंत. मद्रास इलाख्यांतील हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं मंगळूर येथें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. महसीर हा विलायतच्या सामन माशाहूनहि झुंजार आहे असें त्याचें मत होतें, आणि तें वाचून पुष्कळ इंग्रज अधिकारी नद्यांच्या कांठीं धांवले. दुसरा विल्यम हेन्री साइक्स. एल्फिन्स्टननें १८२४ सालीं त्याला दख्खनची आंकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलें होतें. या लष्करी गृहस्थानें दख्खनच्या नद्यांतील मासे पाहिले, त्यांचीं चित्रें करवून घेतलीं, आणि १८३८ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें त्यांची माहिती सादर केली. शास्त्रीय नांवें देतांना त्यानें एक गोष्ट अशी केली कीं तिच्याबद्दल त्याचे कितीहि आभार मानले तरी थोडे : माशांचीं मराठी नांवें त्यानें लॅटिन नांवांत तशींच ठेविलीं. खुद्री, मुसुल्ला, कोळस, मुळ्या, शिंगाळा, सांडखोल, आणि ज्याच्या नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असतो तो नुकटा. मुळामुठेच्या कांठीं कोणा भोयाच्या तोंडून निघालेला 'खुद्री' हा शब्द आज जगांतल्या प्रत्येक मत्स्यसंग्रहालयांत दख्खनी महसिराचें अधिकृत नांव म्हणून बाटलीवर चिकटविलेला आढळेल. सोमेश्वराच्या ग्रंथांतील कित्येक संस्कृत नांवें आज कोणत्या माशाचीं हें ओळखतांना पंडितांचें डोकें दुखतें. साइक्सचीं नांवें नदीवर जाऊन अजूनहि विचारतां येतात.

काठी निवडतांना हीं नांवें माहीत असणें हा केवळ विद्वत्तेचा भाग नाहीं. शिवनेच्या डोहांत मुळ्यासारखा लहान मासा धरावयाचा असेल तर हलकी, शेंड्याशीं नाजूक काठी हवी. त्याचा स्पर्श मनगटापर्यंत पोंचला पाहिजे. मरळ गवतांत आणि लव्हाळ्यांत राहते. गळ लागतांच तिला वर उचलून घ्यावें लागतें, नाहींतर ती दोरी गुंतवून टाकते. तेथें आखूड आणि ताठ काठीच कामाची. शिंगाळा तळाशीं असतो आणि अंगानें जड होतो. त्याच्यासाठीं काठीनें एकसारखें वाकत जाऊन त्याचा हिसका सोसावा लागतो. काठी ही एक तरफ आहे, आणि तींत मासा लांब टोंकाला व आपण आखूड टोंकाला असतों. काठी जितकी लांब तितकी दोरी दूर नेतां येते, पण तितकाच माशाचा भार आपल्या मनगटावर वाढतो. दुकानदार लांबीचे पैसे घेतो. मनगटाचा विचार ग्राहकानें करावयाचा असतो.

शिवनेसारख्या नदीला, जी चार महिने वाहते आणि आठ महिने डोहांत राहते, दहा-बारा फुटी अखंड वेळू, शेंड्याला बांधलेली साधारण तितकीच दोरी, मोराच्या पिसाच्या दांड्याचें अथवा बुचाचें तरंगतें, आणि चांगला गळ एवढें साहित्य पुरेसें आहे. चाकाची कांहींएक गरज नाहीं. परंतु हीच शिवना दक्षिणेस जाऊन गोदावरीस मिळते, आणि तेथें आतां जुनी गोदावरी उरलेली नाहीं. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं धरणाचें उद्घाटन केलें. त्यामागें नाथसागराचें अफाट पाणी पसरलें. अशा पाण्यावर दूर फेंक करावी लागते, म्हणून तेथें चाक, कड्या आणि दुकानी काठी लागते. धरणानें मासळी वाढविली हें खरें आहे. रोहू आणि कटला यांचें बीज सोडून पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चालला. पण महसीर हा पुराच्या पाण्यांत वरच्या अंगाला चढून अंडीं घालणारा मासा. भिंत आडवी आली कीं त्याची वाट खुंटते. टॉमसनें ज्या माशासाठीं जाड काठ्या आणि मजबूत चाकें सुचविलीं, त्या माशाच्या नांवानें आजहि दुकानांत काठ्या विकल्या जातात. मासा मात्र दख्खनच्या बहुतेक डोहांतून दिसेनासा झाला आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर कृत्रिम रीतीनें त्याची पैदास सुरू केली. त्या कामांत चं. वि. कुलकर्णी यांचा मोठा वांटा होता. महाडजवळ वाळणकोंडीस देवीचे मासे म्हणून भाविक त्याला चुरमुरे घालतात आणि कोणी गळ टाकीत नाहीं. सोमेश्वरानेंहि माशांना एका जागीं खाऊं घालावयास सांगितलें होतें, पण त्याचा उद्देश निराळा होता.

दुकानी काठ्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. १९५० च्या डिसेंबरांत अमेरिकेनें चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिन बांबू मिळेनासा झाला. त्याच सुमारास कांचतंतूंच्या काठ्या बाजारांत आल्या होत्या, त्यांचें चांगलेंच फावलें. पुढें फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेंत कार्बनतंतूंवर जें काम झालें त्यांतून १९७० नंतरच्या दशकांत कार्बनच्या काठ्या निघाल्या. कांचतंतूची काठी जड, पण दणकट आणि स्वस्त. दगडावर आपटली, मुलांनीं ओढली तरी सहसा मोडत नाहीं. कार्बनची काठी पिसासारखी हलकी आणि किंमतीनें भारी; तिला बारीकसा टवका उडाला तरी पुढें ऐन झटापटींत ती तेथेंच कडाडते. शिवाय कार्बन हा विजेचा वाहक आहे. आपल्या नदीकांठांवर शेतीपंपांच्या तारा कशा सैल लोंबत असतात हें ज्यानें पाहिलें आहे त्यास यापेक्षां अधिक सांगणें नलगे. माझें मत विचाराल तर पहिली काठी बुरुडाकडची घ्यावी, चाकाची गरज पडल्यास दुसरी कांचतंतूची घ्यावी, आणि कार्बनसाठीं ठेवलेले पैसे चांगल्या गळांवर आणि दोरीवर खर्च करावे. मासा काठीला लागत नाहीं, गळाला लागतो.

घेतांना परीक्षा मात्र करावी. बुंधा जमिनीला टेकवून शेंडा हातानें हलके वांकवावा आणि एका डोळ्यानें कमान पाहावी. कमान शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एकसारखी उतरत आली पाहिजे. एखाद्या पेऱ्याशीं ती मोडल्यासारखी दिसली तर काठी तेथेंच तुटणार. सोडतांच ती सरळ झाली पाहिजे. नंतर मनगटानें एक झटका देऊन शेंडा किती वेळ थरथरतो तें पाहावें. जितका लवकर थांबेल तितकी काठी चांगली. ही परीक्षा दहा रुपयांच्या वेळूलाहि लागू आहे आणि दहा हजारांच्या काठीलाहि.

आणखी एक गोष्ट. गळ कोठें टाकावा याला मर्यादा आहेत, आणि त्या आजच्या नाहींत. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मास्याच्या पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांवर मासे मारूं अथवा विकूं नयेत अशी आज्ञा आहे. कन्नड तालुक्यांतील पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं त्यानंतर थोड्याच पिढ्यांनीं कोरलीं गेलीं. १८९७ च्या कायद्यानें पाण्यांत सुरुंग लावणें आणि विष कालविणें हा गुन्हा ठरविला. जेम्स औट्रमच्या नांवाचा जो घाट कन्नडहून चाळीसगांवकडे उतरतो, त्याच्या भोंवतालचें रान १९८६ पासून गौताळा अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें तेथील ओढ्यांत परवानगीवांचून गळ टाकतां येत नाहीं. तलावांचे हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या माणसास विचारून बसावें. तो जागाहि चांगली दाखवितो.

घरीं आल्यावर काठी कोरड्या फडक्यानें पुसावी, पेऱ्यांवर बांधलेला दोरा सुटला असल्यास पुन्हां आवळून त्यावर रोगणाचा हात फिरवावा. कोपऱ्यांत भिंतीला तिरपी टेकवून ठेवली तर पावसाळ्यांत ती हमखास वांकते. शेंड्याला दोरा बांधून तुळईच्या खिळ्यास उभी टांगून ठेवावी. स्वतःच्याच वजनानें ती सरळ राहते.